लोकायुक्तांचा निष्कर्ष शासनाने फेटाळला तर : नागपूर खंडपीठात जाण्याची टप्प्याटप्प्याने तयारी

लोकायुक्तांचा अहवाल तुमच्या बाजूने लागतो, खाते तो मानत नाही, आणि तुम्ही नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयात धाव घेता. पहिल्याच तारखेला न्यायमूर्ती विचारतात, "आव्हान कशाला आहे?" याचिका उघडून पाहावी तर चाळीस पानांपैकी पस्तीस मूळ अन्यायावर खर्च झालेली आणि नकाराच्या पत्राला जेमतेम दोन ओळी. अशा याचिका तिथेच अडकतात. न्यायालय तुमचे गाऱ्हाणे पहिल्यापासून ऐकायला बसलेले नसते. शासनाने अहवाल ज्या रीतीने नाकारला ती रीत कायद्याला धरून होती का, एवढेच ते तपासते. पुढची सगळी तयारी त्या नकाराभोवती करायची आहे.

उदाहरणासाठी एक प्रकरण धरून चालू. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेचे उपदान (ग्रॅच्युइटी) दोन वर्षे रखडले. दिरंगाई कार्यालयाची आहे, उशिराबद्दल व्याज द्यावे, असे लोकायुक्तांनी म्हटले. मंत्रालयातल्या विभागाने "सदर शिफारस मान्य करता येत नाही" असे कळवून विषय संपवला.

## टप्पा १ : नकार कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

महाराष्ट्र लोकआयुक्त आणि उपलोकआयुक्त अधिनियम, १९७१ याचे कलम १२ आधी शांतपणे वाचा. अहवाल दोन प्रकारचे असतात आणि त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत.

तक्रार गाऱ्हाण्याची असेल, म्हणजे गैरकारभारामुळे अन्याय किंवा अवाजवी त्रास झाला असेल, तर लोकायुक्त तो कसा आणि किती दिवसांत दूर करावा ते सांगतात. ती मुदत संपल्यापासून एक महिन्याच्या आत काय कार्यवाही केली हे लोकसेवकाने लोकायुक्तांना कळवायचे असते. तक्रार भ्रष्टाचाराच्या किंवा पदाच्या गैरवापराच्या आरोपाची असेल, तर निष्कर्ष आणि शिफारशी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातात. त्याने अहवाल तपासून, तो मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, केलेली किंवा योजलेली कार्यवाही कळवायची असते.

एक गोष्ट वकिलाकडून सुरुवातीलाच पाहून घ्या. नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने २८ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर केले होते. तुमच्या अहवालाच्या तारखेला कोणता कायदा लागू होता, हे नक्की झाल्याशिवाय मसुद्यात एकही कलम लिहू नका. या लेखातली कलमे १९७१ च्या अधिनियमातली आहेत.

आता नकाराचे पत्र हातात घ्या. ते बहुधा या चारांपैकी एका प्रकारात बसते :

१. निष्कर्षच अमान्य : "दिरंगाई झालेली नाही."
२. निष्कर्ष मान्य, उपाय अमान्य : "दिरंगाई झाली, पण व्याज देता येणार नाही."
३. गोलमाल : "अहवालाची नोंद घेण्यात आली आहे", "प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले आहे" (म्हणजे फाइल बंद).
४. मौन : मुदत उलटली, पत्रच नाही.

हे वर्गीकरण हौसेचे नाही. पहिल्या प्रकारात कारणांची छाननी सर्वांत कडक होऊ शकते, कारण चौकशी करून, कागद पाहून, दोन्ही बाजू ऐकून काढलेला निष्कर्ष खाते खोटा ठरवते आहे. दुसऱ्यात शासनाला जास्त मोकळीक असते. पैसा, धोरण, इतरांना होणारे परिणाम हे विषय तिथे येतात. तिसऱ्यात 'निर्णय झालाच नाही' हाच मुद्दा. चौथ्यात रद्द करण्यासारखे काही नसतेच, निर्णय घ्यायला लावणे एवढीच मागणी उरते.

इशारा : लोकायुक्तांचा अहवाल म्हणजे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नाही. तो शिफारस आहे. 'अहवाल शासनावर बंधनकारक आहे' असे पहिल्याच परिच्छेदात ठोकून दिले की सरकारी वकिलांचे काम तुम्हीच सोपे करता. लिहायचे ते असे : अहवाल तपासणे हे कायद्याने घातलेले कर्तव्य आहे आणि ते पार पाडलेले नाही.

## टप्पा २ : कागद जमवा, मुख्यतः टिपण्या

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. याचिका जिंकते ती मंत्रालयातल्या नस्तीवर, म्हणजे फाइलवर.

हातात हवेत असे कागद : मूळ तक्रार आणि सोबतचे शपथपत्र, लोकायुक्तांपुढे खात्याने दिलेले खुलासे, अहवाल किंवा शिफारशीचे पत्र, अहवाल विभागाला मिळाल्याची आवक नोंद, नकाराचे पत्र, आणि नकारापर्यंत नेणारी टिपणी (नस्तीवर अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे). तक्रारदाराला बरेचदा पूर्ण अहवाल न मिळता तो दिल्याचे कळवणारे पत्रच मिळते. लोकायुक्त कार्यालयाकडे चौकशीची कागदपत्रे मागितली तर गुप्ततेची तरतूद दाखवून नकार येऊ शकतो. म्हणून विभागाकडे असलेली अहवालाची प्रत विभागाकडूनच मागा.

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे निवेदनबाजीला जागा नाही. मजकूर असा असू द्या :

"लोकायुक्तांचा दि. … चा अहवाल (प्रकरण क्र. …) आपल्या विभागास प्राप्त झाल्याच्या तारखेपासून दि. … च्या पत्रापर्यंतची संपूर्ण नस्ती, टिपणी बाजू व पत्रव्यवहार बाजूसह. अहवाल प्राप्त झाल्याची आवक नोंद. अहवाल अमान्य करण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व निर्णयाची तारीख. हा निर्णय घेण्याचे अधिकार ज्या आदेशान्वये प्रदान झाले त्याची प्रत. तसेच माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार निर्णयाची कारणे."

शेवटची ओळ गाळू नका. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे प्राधिकरणाचे स्वतःहून पार पाडायचे कर्तव्य आहे, आणि पुढे हाच कागद कामी येतो. उत्तर "कारणे उपलब्ध नाहीत" असे आले तर निराश होऊ नका. तुम्हाला हवा असलेला पुरावा खात्याने स्वतःच्या सहीने दिला आहे.

माहिती देण्याची मुदत ३० दिवस. ती चुकली तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पवर. दुसऱ्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत मात्र याचिका रोखून धरू नका. नस्ती न्यायालयापुढे मागवून घेता येते. तशी मागणी याचिकेत करा.

टिपणी मिळाल्यावर पाच ठिकाणी खूण करा :

- ज्या कार्यालयाची दिरंगाई ठरली, त्याच कार्यालयाचा अभिप्राय शब्दशः उचलून नकार तयार झाला आहे का?
- ज्या अधिकाऱ्यावर ठपका, त्याचीच सही निर्णयाच्या साखळीत आहे का?
- अहवालातल्या पुराव्याचा टिपणीत एकदा तरी उल्लेख आहे का?
- खालच्या स्तरावर "मान्य करावे" अशी टिपणी होती आणि वर कारण न देता ती उलटवली गेली का?
- निर्णय कोणी घेतला? सक्षम प्राधिकाऱ्याने, की कक्ष अधिकाऱ्याने कळवला तोच निर्णय?

शेवटच्या मुद्द्यावर फार जण घसरतात. पत्रावर कक्ष अधिकाऱ्याची सही आहे एवढ्यावरून निर्णय बेकायदा ठरत नाही. शासनाचे निर्णय असेच कळवले जातात. नस्तीवर योग्य अधिकाऱ्याची मान्यताच नसेल, तेव्हा तो मुद्दा उभा राहतो.

इशारा : टिपणीलाच आव्हान देऊ नका. कळवला न गेलेला शेरा म्हणजे आदेश नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच बच्चित्तरसिंग प्रकरणात सांगितले आहे. आव्हान पत्राला द्यायचे. निर्णय कसा झाला हे दाखवायला टिपणी लावायची.

## टप्पा ३ : मागणीपत्र, एकच

परमादेश, म्हणजे प्राधिकाऱ्याने कर्तव्य पार पाडावे असा न्यायालयाचा आदेश, मागणाऱ्याने आधी मागणी केलेली असावी आणि ती नाकारली किंवा दुर्लक्षित झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. विभागाच्या सचिवांना दीड-दोन पानांचे पत्र द्या : अहवालातला निष्कर्ष, नकाराच्या पत्रातली कारणे किंवा त्यांचा अभाव, आणि पंधरा ते तीस दिवसांत सकारण फेरनिर्णय करण्याची मागणी. प्रत लोकायुक्तांना पाठवा आणि तिच्यात कलम १२(५) चा उल्लेख करा. झालेल्या कार्यवाहीने लोकायुक्तांचे समाधान झाले नाही, तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात आणि तो स्पष्टीकरणात्मक ज्ञापनासह दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. हिवाळी अधिवेशन तोंडावर असताना या परिच्छेदाला मंत्रालयात जरा जास्त वजन येते, एवढे व्यवहारज्ञान असू द्यावे.

स्पीड पोस्टने पाठवा, पोच सांभाळा. नंतर स्मरणपत्रांची माळ लावू नका. रिट याचिकेला (शासनाच्या कृतीविरुद्ध उच्च न्यायालयात करायच्या याचिकेला) कायद्याने ठरवलेली ठाम मुदत नाही, पण विलंब अंगाशी येतो, आणि वारंवार निवेदने दिल्याने जुना वाद ताजा होत नाही हे सी. जेकब (२००८) प्रकरणात स्पष्ट झाले आहे. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याच्या बेताने चाला. उशीर झालाच तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कशामुळे, ते याचिकेत लिहा.

तपासणी : पुढे जाण्याआधी एका पानावर तारखा लिहा. मूळ घटना, तक्रार, अहवाल, अहवाल विभागाला पोचल्याची तारीख, कायद्याची मुदत संपल्याची तारीख, नकार, माहिती अर्ज, उत्तर, मागणीपत्र. एखाद्या तारखेपुढे कागद नसेल तर ती जागा आधी भरा.

## टप्पा ४ : कोणाच्या दारात जायचे

वर्ष-वर्ष वाया जाते ते इथे.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचा निवृत्तिवेतन, उपदान यांचा वाद 'सेवाविषयक बाब' ठरतो. लोकायुक्त सेवेच्या बहुतेक अटींत लक्ष घालत नाहीत, पण निवृत्तीनंतरच्या देण्यांचे गाऱ्हाणे ऐकू शकतात. म्हणून अहवाल मिळतो, आणि लोकायुक्तांकडून आलो म्हणजे पुढची पायरी उच्च न्यायालयच, असा समज होतो. तसे नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात जावे लागते, एल. चंद्रकुमार (१९९७) निकालानंतर यात पळवाट उरलेली नाही. तिथे मुदत ठाम आहे : अंतिम आदेशापासून एक वर्ष.

आपल्या उदाहरणातल्या शिक्षिका जिल्हा परिषदेच्या. जिल्हा परिषदेचे कर्मचारी या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय हा मार्ग बरोबर. अनुदानित खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचेही तसेच.

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतला वाद नागपूर खंडपीठात दाखल होतो. निर्णय मुंबईत मंत्रालयात झाला म्हणून याचिका मुंबईतच हवी, असे समजू नका. शाळा कुठे, देणे कुठे थकले, त्रास कुठे झाला, हे सांगणारा स्वतंत्र परिच्छेद घाला.

खास कायद्यात अपिलाची सोय असेल (जमीन महसूल, भूसंपादन, सहकार) तर न्यायालय आधी तिकडे पाठवू शकते. नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा अधिकार नसताना घेतलेला निर्णय असेल तर पर्यायी मार्ग आड येत नाही. पण मग तो मुद्दा कागदाने दाखवावा लागतो.

स्वतःचे गाऱ्हाणे जनहित याचिकेच्या वेष्टनात घालू नका. ते लगेच उघडे पडते.

## टप्पा ५ : मसुदा

प्रतिवादी : महाराष्ट्र शासन, संबंधित विभागाच्या सचिवांमार्फत, ज्याने पैसे द्यायचे ती संस्था (इथे जिल्हा परिषद, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत), आणि पक्षपाताचा आरोप असेल तर तो अधिकारी नावानिशी. ज्याच्यावर आकसाचा आरोप आहे त्याला पक्षकार न करणे ही नेहमीची चूक आहे; आरोपच मग विचारात घेतला जात नाही. लोकायुक्तांविरुद्ध तुमची काही मागणी नाही, तेव्हा त्यांना सहसा ओढू नका.

घटनाक्रम सात-आठ पानांत उरका. मूळ अन्यायाला दोन पाने पुरतात. तो शाबीत करायचे काम अहवालाने केले आहे. बाकी जागा आधारांना द्या. चालणारे आधार असे :

अहवाल तपासलाच नाही. अहवालातले तीन-चार महत्त्वाचे निष्कर्ष एका बाजूला, नकाराच्या पत्रात त्यांना दिलेले उत्तर दुसऱ्या बाजूला, असा तक्ता करा. उजवी बाजू रिकामी दिसली की वेगळा युक्तिवाद लागत नाही.

कारणे नाहीत. सकारण आदेशाबद्दल क्रांती असोसिएट्स (२०१०) हा निकाल वकील हमखास देतात. तो द्या, पण पत्रातले नेमके वाक्य उद्धृत करून.

विसंगत किंवा गैरलागू कारण. "निधी उपलब्ध नाही" हे निष्कर्ष नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. निधी नसल्याने दिरंगाई 'झाली नाही' असे होत नाही. निष्कर्ष आणि उपाय यांची सरमिसळ खात्याच्या पत्रांत सर्रास असते. ती वेगळी करून दाखवा.

स्वतःच स्वतःचा न्यायाधीश. टिपणीवरून दिसत असेल तरच.

नियम डावलला. उपदानाच्या उशिरावर व्याजाची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या नियम १२९-अ मध्ये आहे. लोकायुक्तांची शिफारस मुळात नियमातच असेल, तर याचिका एकट्या अहवालावर उभी राहत नाही. असा दुसरा पाय शोधाच.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा ब्रॅडली (२००८) निकाल अशा प्रकरणांत दाखवला जातो. तिथल्या मंत्र्यांनी निवृत्तिवेतनाविषयीचा लोकपालांचा निष्कर्ष नाकारला होता. मंत्र्याला स्वतःचे मत वेगळे आहे एवढ्यावर निष्कर्ष बाजूला सारता येत नाही, त्यासाठी सबळ कारण लागते, असे त्या न्यायालयाने म्हटले. युक्तिवादाला तो धार देतो, पण नागपुरात बंधनकारक नाही. एक परिच्छेद पुरे. भारतीय आधार आधी आणि हा शेवटी.

अहवाल मराठीत असेल तर इंग्रजी अनुवाद जोडा. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. "अन्वये", "यास्तव", "मान्य करता येत नाही" यांचे भाषांतर सैल झाले की अर्थ बदलतो, म्हणून अनुवाद स्वतः मुळाशी ताडून पाहा.

इशारा : आधीची याचिका, दिवाणी दावा, ग्राहक तक्रार, काहीही असेल तर लिहा. लपवलेली गोष्ट प्रतिवादीच्या शपथपत्रातून बाहेर आली, तर गुणदोषांवर न जाता याचिका फेटाळली जाऊ शकते.

## टप्पा ६ : मागण्यांची कलमे

चुकीची मागणी : "लोकायुक्तांच्या अहवालाची अंमलबजावणी करण्याचे आदेश द्यावेत." एवढीच मागणी असली की 'शिफारस बंधनकारक नाही' या एका उत्तरात सगळे संपते. क्रम असा ठेवा :

(क) विभागाची मूळ नस्ती मागवावी आणि दि. … चे पत्र रद्द करावे.
(ख) सक्षम प्राधिकाऱ्याने, आधीच्या निर्णयात सहभागी नसलेल्या अधिकाऱ्यामार्फत, याचिकाकर्तीला ऐकून, अहवालातील परिच्छेद क्र. … मधील निष्कर्षांचा स्वतंत्र विचार करून आठ आठवड्यांत सकारण निर्णय द्यावा.
(ग) पर्यायाने, नियम १२९-अ नुसार व्याज देण्याचे निर्देश द्यावेत.
(घ) खर्च आणि न्यायालयास योग्य वाटेल तो आदेश.

मौनाच्या प्रकरणात (क) मधला रद्द करण्याचा भाग काढा, बाकी तसेच. (ख) मध्ये परिच्छेद क्रमांक घालायला विसरू नका. नुसता 'फेरविचार' मागितला तर तीच टिपणी, तेच पत्र, फक्त तारीख नवी, असा फेरविचार पदरात पडतो.

## टप्पा ७ : दाखल करणे आणि हरकती

वकीलपत्र, शपथपत्र, तारखांचा गोषवारा, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका, वाचता येतील अशा प्रती. धूसर झेरॉक्सवर कार्यालयीन हरकत येतेच. तिथे टंकलिखित प्रत जोडा. हरकती दिलेल्या मुदतीत दूर केल्या नाहीत तर याचिका नोंदणीवाचून पडून राहते किंवा निघून जाते. वकिलांच्या कारकुनाकडे आठवड्यातून एकदा चौकशी करण्यात कमीपणा नाही. शासनासाठीची प्रत उच्च न्यायालयातल्या सरकारी वकील कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

वकील न लावता स्वतः चालवायचे असेल तर उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार प्रबंधकांकडील समितीपुढे आधी जावे लागते. फी परवडत नसेल तर उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. आपल्या शिक्षिका पात्र आहेत. बहुतेकांना हे माहीत नसते.

## टप्पा ८ : शासनाचे शपथपत्र आल्यावर

नोटीस निघते, सरकारी वकील वेळ मागतात, मग शपथपत्र येते. ते वाचताना एकच काम करा : त्यातले प्रत्येक कारण नकाराच्या पत्रात किंवा टिपणीत होते का, ते तपासा. नसेल तर लाल खूण. आदेश ज्या कारणांवर दिला त्याच कारणांवर तो टिकला पाहिजे, नवी कारणे मागाहून शपथपत्रातून भरता येत नाहीत, हे मोहिंदरसिंग गिल (१९७८) निकालाचे सूत्र इथे लागू पडते. प्रतिउत्तर तीन-चार पानांचे करा आणि त्यात फक्त या खुणा मांडा.

शासन तथ्यांचा वाद उकरून काढेल : अर्ज उशिरा आला, कागद अपुरे होते. त्या फडात उतरू नका. वादग्रस्त तथ्ये रिट याचिकेत ठरवता येत नाहीत, असे म्हणायला त्यांना हेच हवे असते. उत्तर एवढेच : हा मुद्दा लोकायुक्तांपुढे मांडला होता, त्यावर परिच्छेद अमुकमध्ये निष्कर्ष आहे, आणि तो का चुकीचा हे नकाराच्या पत्रात नाही.

## टप्पा ९ : आदेशानंतर

बहुतेक यशस्वी प्रकरणांत थेट पैसे मिळत नाहीत; पत्र रद्द होते आणि प्रकरण मुदतीसह परत जाते. प्रमाणित प्रत घ्या, विभागाला आणि जिल्हा परिषदेला पोच घेऊन द्या, आणि मुदत त्या तारखेपासून की आदेशाच्या तारखेपासून, हे आदेशातच वाचा.

मुदत उलटूनही हालचाल नसेल तर अवमान याचिका. ती अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत. नवा सकारण नकार आला तर तो अवमान नव्हे, कितीही चुकीचा वाटला तरी. त्याला नव्या याचिकेने आव्हान द्यायचे, आणि त्यासाठी टप्पा १ पासून तेच : पत्र कोणत्या जातीचे, टिपणी काय म्हणते, आणि या वेळी अहवालाच्या प्रत्येक परिच्छेदासमोर काय लिहिले आहे.

याचिकाच फेटाळली गेली तर निकाल एका न्यायमूर्तींचा की दोघांचा, ते पाहा. एका न्यायमूर्तींचा निकाल अनुच्छेद २२६ खालचा असेल तर लेटर्स पेटंट अपील (त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपुढे), ३० दिवस. दोघांचा असेल तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, ९० दिवस. प्रमाणित प्रतीसाठीचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका.